परीकथेचे चित्र : सिंड्रेलाच्या निमित्ताने

‘सिंड्रेला’ हे नाव उच्चारताच बहुतेक मुलांच्या डोळ्यांपुढे एकच रूप उभे राहते : गोरा वर्ण, सोनेरी केस, फिकट निळा झगा. हे रूप मूळ कथेने दिलेले नाही. ते प्रामुख्याने वॉल्ट डिस्ने यांच्या १९५० सालच्या चित्रपटाने रूढ केले. कथा कानांवरून जाते. चित्र मात्र मनात घर करते. आज विद्यार्थ्यांच्या हाती टॅब्लेट आले आहेत, कलाप्रदर्शनांतून डिजिटल चित्रे मांडली जात आहेत आणि परीकथा हा त्यांतील एक आवडता विषय आहे. म्हणूनच, असे चित्र काढण्यापूर्वी काय ठरवावे आणि ठरवलेले पडद्यावर कसे उतरवावे, याचा विचार या एका कथेच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

पहिली पायरी वाचनाची. फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी १६९७ साली ही कथा प्रसिद्ध केली. भोपळ्याचा रथ, परी आणि काचेचा बूट त्यांच्या कथेत आहेत. १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंनी छापलेल्या कथेत परी नाही. तेथे आईच्या थडग्यावरचे झाड आणि पाखरे मुलीच्या मदतीला येतात. बूट सोन्याचा आहे. त्याहून कितीतरी आधी, नवव्या शतकात, चीनमधील दुआन चेंगशी या लेखकाने येह-शिएन नावाच्या मुलीची अशीच कथा लिहून ठेवली. ती त्याने आपल्या घरी पूर्वी चाकरीस असलेल्या, दक्षिणेकडील एका माणसाकडून ऐकली होती. म्हणजे या कथेची नायिका गोरी आणि सोनेरी केसांचीच असावी, असा कोणताही ऐतिहासिक आधार नाही. वाचताना संहितेने स्पष्ट सांगितलेले तपशील एका कागदावर लिहून काढावेत. त्यापलीकडचे सारे चित्रकाराच्या अखत्यारीत येते.

या वाचनात एक गोष्ट विशेष लक्ष वेधते. पेरो आणि ग्रिम, दोघांच्याही कथेत या मुलीचे खरे नाव कोठेच येत नाही. ती चुलीजवळ राखेत बसते म्हणून घरच्यांनी तिला राखेवरून चिडवणारे नाव ठेवले आणि तेच जगभर झाले. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. हिणवणारी नावे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजाला या राखेच्या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्या मुलांना ही कथा परकी वाटू नये, ती याच कारणाने.

दुसरी पायरी क्षणाची निवड. नृत्याचा प्रसंग सर्वांनी काढलेला आहे. त्याऐवजी ग्रिम यांच्या कथेतील एक प्रसंग घ्यावा : सावत्र आई राखेत मसूर ओतते आणि तो निवडण्याचे काम मुलीवर सोपवते. कष्ट, अपमान आणि पाखरांची साथ या एकाच दृश्यात एकवटलेली आहेत. प्रथम कागदावर पेन्सिलीने पाच-सहा छोटी कच्ची रेखाटने करावीत व त्यांतील एक निवडावे.

आता संगणकाकडे वळू. ‘क्रिटा’सारखे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. चित्र ए-३ आकारात छापायचे असेल, तर सुरुवातीलाच ३०० डीपीआय, म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल, असे माप ठरवावे. लहान चित्र नंतर मोठे केल्यास कडा धूसर होतात. रेखाटन, पार्श्वभूमी, मुलगी, पाखरे आणि प्रकाश यांसाठी स्वतंत्र लेअर ठेवावेत. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. एक बदलला तरी बाकीचे अबाधित राहतात. रंग भरण्यापूर्वी सारे चित्र करड्या छटांत तयार करावे. पाहणाऱ्याची नजर उजेड-अंधाराचा भेद जेथे सर्वाधिक असतो तेथे प्रथम जाते. चुलीचा उजेड मुलीच्या हातांवर पाडला, तर नजर तिच्या श्रमावर स्थिरावेल.

मुलगी सावळी दाखवायची असल्यास गोऱ्या रंगात काळा मिसळू नये. त्याने त्वचा निर्जीव दिसते. तपकिरीत तांबूस छटा, सावलीत किंचित निळसर आणि उजेडात सोनेरी छटा द्यावी. खलपात्रे कुरूप किंवा काळी रंगवण्याची जुनी सवयही टाळावी. चेहरा काढण्यात हात बसला नसेल, तर छायाकृतीचा मार्ग आहे. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅम यांनी १९१९ च्या ‘सिंड्रेला’ पुस्तकातील बहुतांश चित्रे छायाकृतींतच केली आणि जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२२ साली कापलेल्या काळ्या आकृतींतून याच कथेचा चित्रपट घडवला. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचे चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पडद्यावरील सावलीचे सामर्थ्य ठाऊक आहे.

वाक्य टाइप करताच तयार चित्र देणारी साधनेही आता आली आहेत. परंतु ती जुन्या असंख्य चित्रांवर पोसलेली असल्याने बहुधा तीच गोरी राजकन्या पुन्हा हाती ठेवतात. त्याचप्रमाणे अलीकडच्या चित्रपटांतील रूपांवर निर्मात्यांचे हक्क असू शकतात. त्यांची नक्कल प्रदर्शनात मांडू नये.

शेवटची पायरी छपाईची. पडदा स्वतः प्रकाशमान असतो, कागद नसतो. त्यामुळे छापील चित्र अधिक गडद उतरते. आधी लहान नमुना छापून पाहावा व अंधारे भाग उजळावेत. चकाकी नसलेला मॅट कागद दिव्यांखाली बरा दिसतो. शेजारच्या पट्टीवर चित्राचे शीर्षक, आधारभूत कथा, माध्यम, वर्ष आणि चित्रकाराचे पूर्ण नाव असावे.

या पट्टीवर मुलीला कोणते नाव द्यायचे, हा निर्णयही चित्रकाराचाच असतो. राखेचे नाव कायम ठेवावे की तिला तिचे स्वतःचे नाव द्यावे, हा प्रश्न पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांपुढे अवश्य ठेवावा व त्यांचे उत्तर ऐकावे.