दीर्घिकांचा वाण आणि गुण

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, अशी मराठीत म्हण आहे. दीर्घिकांच्या जगात मात्र शेजारामुळे गुणाबरोबर वाणही पालटतो.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे विशाल कुटुंब. आपली आकाशगंगा ही त्यांपैकीच एक. ती सर्पिल जातीची असून तिच्या निळसर बाहूंत आजही वायूपासून नवे तारे जन्मास येत आहेत. दुसरी जात लंबवर्तुळाकार. तीत बाहू नाहीत, थंड वायू जवळजवळ नाही, बहुतेक तारे वृद्ध व तांबूस. या दोहोंमध्ये भिंगाकार दीर्घिका येतात. त्यांची तबकडी शिल्लक असते, बाहू लोपलेले असतात.

ॲलन ड्रेसलर या अमेरिकन ज्योतिर्विदाने १९८० साली ५५ दीर्घिकागुच्छांतील सुमारे ६००० दीर्घिकांची जातवार पाहणी प्रसिद्ध केली. विरळ प्रदेशात शेकडा ८० दीर्घिका सर्पिल, तर गुच्छांच्या दाट गाभ्यात त्यांचे प्रमाण जेमतेम शेकडा १०! हा जन्माचा परिणाम की संगतीचा?

संगतीचा पुरावा अरुंधती-केश तारकासमूहाच्या दिशेस, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या गुच्छात प्रत्यक्ष दिसतो. तेथे दीर्घिकांमधील अवकाशात कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला आहे. त्यातून प्रचंड वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेला जणू समोरून सोसाट्याचा वारा लागतो. तारे जागचे हलत नाहीत, तिचा वायू मात्र मागे उडून जातो. ‘डी १००’ नावाच्या सर्पिल दीर्घिकेमागे अशा वायूचे सुमारे २ लाख प्रकाशवर्षे लांबीचे शेपूट पसरले आहे. वायू गेला की नवे तारे जन्मत नाहीत, अल्पायुषी निळे तारे विझतात आणि मागे उरतो तो ताऱ्यांचा वृद्धाश्रमच म्हणा ना!

तथापि सारे श्रेय संगतीला देता येत नाही. दूरच्या गुच्छांचा प्रकाश अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला असल्याने त्यांचे पूर्वरूपच आपणांस दिसते. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून १९९७ साली असे निदर्शनास आले की, सुमारे ५ अब्ज वर्षांपूर्वीच्या गुच्छांत सर्पिल दीर्घिका पुष्कळ व भिंगाकार थोड्या होत्या. लंबवर्तुळाकार मात्र आजच्याइतक्याच. म्हणजे अनेक भिंगाकार दीर्घिका शेजाराने घडविल्या असाव्यात. लंबवर्तुळाकारांची घडण बहुधा गुच्छाच्या बालपणीच, दीर्घिका एकमेकींत मिसळून, उरकली होती.

आकाशगंगेचा शेजार विरळ आहे. २५ लाख प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका तिच्याकडे येत आहे खरी. त्यांची टक्कर पूर्वी अटळ मानीत. परंतु २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, पुढील १० अब्ज वर्षांत ती होण्याचा संभव निम्माच आहे.