हळदीचे तीन तास, पडद्यावरची बारा मिनिटं

शीव-पनवेल महामार्गाला लागून, नेरूळच्या कडेला शिरवणे आहे. १९७० साली सिडको आली, हळूहळू भातशेती गेली, सेक्टर उभे राहिले. गावठाणातली हळद मात्र आगरीच राहिली. त्या रात्री मांडवात जितकी माणसं, तितकेच मोबाइल वर धरलेले. मग लग्न लागतं, पाहुणे पांगतात आणि आठवड्याभरानं घरच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर तेवढा उरतो. चार-पाच मोबाइलमधून गोळा केलेल्या साठेक क्लिप, सगळ्या मिळून तीनेक तास. काकांच्या उभ्या, मामेभावाच्या आडव्या, एकीत तर नुसतेच नाचणाऱ्यांचे पाय. घरात ज्याला कॉम्प्युटर कळतो त्याच्याकडे बघून कुणीतरी म्हणतं, "याचं काहीतरी कर ना."

हे काम पूर्वी बाहेर जायचं. व्हीएचएस कॅसेटच्या काळात शूटिंगवाला रेकॉर्डिंग घेऊन जायचा आणि त्याचं 'मिक्सिंग' व्हायचं. एडिटिंग हा शब्द लग्नघरात कुणी वापरत नसे. मग नवरी कमळातून उगवायची, नवरा बदामाच्या आकारात फिरायचा, मागे कुठल्यातरी सिनेमाचं गाणं. मांडवातला खरा आवाज त्यात कुठल्या कुठे जायचा. आता मिक्सिंग घरातच होऊ शकतं, तेही फुकट. अडतं ते एकाच प्रश्नावर: सोपं सॉफ्टवेअर कोणतं?

बऱ्याच जणांना आजही पहिलं नाव आठवतं ते 'विंडोज मूव्ही मेकर'. २००० साली विंडोज मी बरोबर तो आला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापासून साठीशांतीपर्यंत सगळं त्यानं निभावलं. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७ मध्ये तो अधिकृतपणे बंद केला. माणसं शोधत राहिली, आणि त्याच वर्षी ईसेट या सुरक्षा कंपनीनं उघड केलं की, त्या नावाची एक बनावट आवृत्ती गूगलच्या शोधात वर येते आहे आणि फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी लोकांकडून २९.९५ डॉलर उकळते आहे. तेव्हा 'मूव्ही मेकर फ्री डाउनलोड' असं टाइप करून येईल त्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. सॉफ्टवेअर उतरवायचं ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून, नाहीतर ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून.

निवड करताना यादी वाचण्याआधी आपलं मशीन बघावं. शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरचे कर्ते स्वतःच सांगतात की, एचडी व्हिडिओसाठी ८ जीबी रॅम हवी आणि फोर-के असेल तर १६. घरचा कॉम्प्युटर ४ जीबीचा असेल, तर दोष सॉफ्टवेअरला देऊन उपयोग नाही. मोबाइलच्या क्लिप किती जड असतात याचाही अंदाज हवा. आयफोनवर १०८० रेझोल्यूशनचा एक मिनिट साधारण ६० एमबी घेतो. तोच फोर-के मध्ये, सेकंदाला ३० फ्रेमनं घेतला तर १७० एमबी. हळदीच्या गर्दीत फोर-के लावून शूटिंग करणाऱ्या भाच्याला हे आधी सांगून ठेवलं तर पुढचा त्रास अर्धा होतो.

विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प बहुधा आधीच बसलेला असतो. मूळची ही ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची कंपनी. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली. मोफत आवृत्तीत १०८० पर्यंतची फिल्म कंपनीच्या शिक्क्याशिवाय बाहेर पडते, आणि घरच्या टीव्हीला तेवढं पुरे. इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मात्र लागतं. त्यातली काही गाणी आणि चित्रं पैसे भरणाऱ्यांसाठी असतात. त्यातलं एखादं चुकून फिल्ममध्ये बसलं की शेवटच्या क्षणी पैशांची मागणी समोर येते. मॅक असेल तर आयमूव्ही घ्यावा, फार विचार करू नये. १९९९ पासून ॲपलनं तो घरगुती माणसासाठीच ठेवला आहे.

जाहिरातीतली सॉफ्टवेअर दिसायला गोड असतात. पण मोफत म्हणून उतरवलेल्या अनेकांत तीन रात्री जागून केलेल्या फिल्मवर शेवटी कंपनीचं नाव उमटतं. उतरवल्यावर पहिल्याच दिवशी दहा सेकंदांचा तुकडा बाहेर काढून बघावा. शिक्का असेल तर तिथेच कळतो. दुसरं टोक दा विंची रिझॉल्व्हचं. सिनेमावाले वापरतात ते हेच, आणि त्याची मोफत आवृत्ती खरोखर दिलदार आहे. पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. शिकायची हौस आणि तसं मशीन असेल तरच त्याच्या वाटेला जावं. एका हळदीसाठी तो म्हणजे अंगणात रांगोळी काढायला बुलडोझर.

शिरवण्यातल्या त्या फोल्डरसाठी शॉटकट सगळ्यांत बरा, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. तो मोफत आहे, शिक्का मारत नाही, इंटरनेट मागत नाही. दिसायला रूक्ष आहे, हे मान्य. पण मोबाइलच्या क्लिपची एक खोड तो ओळखतो. मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेडाप्रमाणे, मशीनवरच्या भाराप्रमाणे फ्रेम कमीजास्त करतो. त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. शॉटकट अशी क्लिप दिसताच संपादनाला सोयीची प्रत करून देऊ का, असं विचारतो. इथे 'हो' म्हणावं. डिस्कवर जागा जाते, डोकं शांत राहतं. मशीन अडखळत असेल तर त्यातलीच 'प्रॉक्सी'ची सोय चालू करावी: काम हलक्या प्रतींवर होतं आणि अखेरची फिल्म मूळ क्लिपांतून बनते.

खरं काम कसं दिसतं ते एका क्लिपवर पाहू. सात मिनिटांची क्लिप आहे. पहिली दोन मिनिटं कुणीतरी खुर्च्या सरकवतं आहे. मग कॅमेरा वळतो आणि धवलारीण दिसते. आगरी-कोळी लग्नात विधीविधीला धवले म्हणणारी ही बाई. तिची गाणी तोंडपाठ असतात आणि ती बहुतेक कुठे लिहिलेलीही नसतात. टाइमलाइनवरची उभी रेघ तिच्या पहिल्या शब्दाच्या किंचित आधी आणायची आणि कीबोर्डवरचं 'एस' दाबायचं. क्लिपचे दोन तुकडे होतात. डावा तुकडा निवडून 'एक्स' दाबला की खुर्च्या गेल्या आणि पुढचं सगळं आपोआप मागे सरकलं. 'एस' क्लिपचॅम्पमध्येही हेच काम करतं. घरगुती संपादनातलं बहुतेक काम या कापण्याचंच असतं. बदाम, चांदण्या आणि फिरकीचे इफेक्ट न वापरले तरी चालतं. आणि धवलारणीच्या आवाजावर डीजेचं गाणं चढवायचा मोह टाळावा. तिचा आवाज दुसऱ्या कुठल्याही क्लिपमध्ये मिळणार नाही. गाणं कुठेही मिळतं. शिवाय तयार गाणं टाकून फिल्म यूट्यूबवर चढवली की तिथली कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि फिल्मवर गाण्याच्या मालकाचा दावा येऊ शकतो.

घरच्या घरी फिल्म कापणं मराठी माणसाला नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी सुरुवातीला कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली होती. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या, दिवसभर युनिटचा स्वयंपाक सांभाळून. त्या काळी चुकीच्या जागी कात्री लागली की लागली. आज 'कंट्रोल-झेड' आहे.

आता नावाची पाटी. सॉफ्टवेअर मराठीला चालतं का, याची परीक्षा फार सोपी आहे: 'नवऱ्याची हळद, शिरवणे' एवढंच टाइप करायचं. 'ऱ्या'मधला अर्धा र तुटून 'र्या' झाला किंवा वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसली, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडता येत नाही. ॲडोबीच्या व्यावसायिक प्रीमिअरमध्येसुद्धा दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं सेटिंग निवडावं लागतं. न निवडता केलेल्या पाट्या मोडक्या निघतात. शॉटकट कॉम्प्युटरवरचाच फॉन्ट वापरतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट गूगलवर फुकट आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी बघावा. काहीच जमलं नाही तर पॉवरपॉइंटमध्ये पाटी करून तिचं चित्र क्लिपवर ठेवावं. गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या पद्धतीच्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर आणला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर पडद्यावर अगम्य अक्षरं उमटतात.

नवशिक्या हमखास फसतो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. दोन रात्री काम होतं, 'सेव्ह' दाबलं जातं, ज्या पेनड्राइव्हवरून क्लिपा आल्या तो मामा घेऊन जातो आणि तिसऱ्या रात्री पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी. सेव्ह केलेल्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. अमुक क्लिप इथून इथपर्यंत, मग तमुक क्लिप, एवढी टिपणंच त्यात असतात. पाककृती लिहिलेली वही म्हणा, शिजलेलं अन्न नव्हे. म्हणून सगळ्यात आधी सर्व क्लिपा कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये आणाव्यात, फोल्डरचं नाव आणि जागा पुन्हा बदलू नये, आणि पाहुण्यांना दाखवायची ती फाइल 'एक्स्पोर्ट' करून घ्यावी, एमपी-फोर स्वरूपात.

तीन तासांची बारा मिनिटं झाली की कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची घाई होते. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकली तर ती दाबली जाते आणि चेहरे धुरकट होतात. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची जशीच्या तशी पोचते.