विमानांचा आवाज आणि सरकारी मर्यादा

मुंबईच्या विमानतळालगत विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर या वस्त्यांतून राहणाऱ्यांस रात्रीची शांतता दुर्मिळ झाली आहे. या आवाजास सरकारने मर्यादा घातली आहे खरी. परंतु ती कितपत उपयोगाची, हे पाहावयास हवे.

आवाज डेसिबलने मोजतात. हे माप मोठे फसवे. त्यात दहांची भर पडली की ध्वनीची शक्ती दसपट होते. सन 2000 च्या नियमांनी निवासी वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा ठरविली. विमानतळाच्या परिसरासाठी मात्र केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने 2018 साली निराळे आकडे जाहीर केले. जेथे वर्षाकाठी 50,000 हून अधिक विमाने चढतात-उतरतात, तेथे दिवसा 70, रात्री 65. इतरत्र 65 व 60. म्हणजे मुंबईत विमानतळाशेजारी निजणाऱ्याने इतरांच्या शंभरपट ध्वनी सोसावा, असा हा हिशेब! शिवाय हे आकडे सरासरीचे. झोप मोडते ती सरासरीने नव्हे, एकेका विमानाच्या घरघराटाने.

नवी एंजिने जुन्यांहून पुष्कळ शांत आहेत. पण विमानांची संख्याच वाढली. जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणे बंद आहेत. मुंबईत तशी बंदी नाही.

राहुरीच्या वायव्येस काकडी येथे 2017 साली शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. त्याच्याभोवती मुंबईसारखी दाटी अद्याप झालेली नाही. घरांस परवानगी देताना विमानांची वाट ध्यानी घेणे तेथे अजून शक्य आहे.