या, बसा आणि कामाला लागा!

बेळगावच्या कुंद्याची खरी कृती हलवाई सहसा सांगत नाही. पण शेजारची एखादी अक्का ती मोकळेपणाने सांगते आणि वर ‘तुला काही सुधारणा सुचली तर मलाही सांग गं’ म्हणते. संगणकाच्या जगात या अक्काच्या रीतीला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. प्रोग्राम कसा लिहिला आहे ते कोणीही पाहावे, वापरावे, बदलावे आणि बदल चांगला जमला तर तो मूळ प्रकल्पाला परत द्यावा, असा हा मामला. लिनक्स, फायरफॉक्स, विकिपीडियामागचे मीडियाविकी ही सारी याच घरातली भावंडे.

दार उघडे असले म्हणजे पाहुणा आत येतोच असे नाही. चिकोडीकडची कन्नड मुलगी निपाणीच्या मराठी घरात सून म्हणून येते, तेव्हा तिला कोणी अडवत नाही. पण मिठाचा डबा कुठे, सासऱ्यांचा चहा किती वाजता, हे कोणी सांगितलेच नाही तर ती स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळते. प्रकल्पात नव्याने येणाऱ्या मुलामुलींचेही अगदी हेच होते. बरे, नवखा म्हणजे दरवेळी इंजिनिअरच असतो असेही नाही. पडद्यावरचे शब्द मराठीत किंवा कन्नडमध्ये आणणारा भाषांतरकारही तितकाच गरजेचा असतो. आणि दोन्ही भाषा घरात नांदणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना इथे मानाचे पान मिळायला हवे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, कन्नड विकिपीडिया त्याच वर्षी जूनमध्ये. त्यांच्या पडद्यावर दिसणारी बटणे, सूचना, इशारे यांचे भाषांतर ‘ट्रान्सलेटविकी’वर स्वयंसेवक करतात. फिनलंडच्या निक्लास लाक्सस्ट्रॉम यांनी सुरू केलेले हे काम. तिथली पद्धत शिकण्यासारखी आहे. नवा माणूस आला की त्याच्याकडून आधी थोड्या नमुना वाक्यांचे भाषांतर करून घेतात, ते पाहून मग पुढची परवानगी. शिवाय मूळ वाक्यांशेजारी ते पडद्यावर कुठे आणि कशासाठी दिसते याची टीप लिहिण्याची सोय आहे. साधा ‘ओपन’ शब्द घ्या. तो हुकूम असेल तर ‘उघडा’, स्थिती असेल तर ‘खुले’. टीप नसेल तर निपाणीतल्या मुलाने ओळखायचे कसे?

आता समजा, घरात कन्नड जास्त बोलणाऱ्या एका मुलीने ‘फाईल सापडला नाही’ असे भाषांतर केले. कन्नडमध्ये ‘सिगलिल्ल’ म्हटले की काम झाले, तिथे पुल्लिंग-स्त्रीलिंग पाहावे लागत नाही. मराठीत मात्र फाईल ‘सापडली’ पाहिजे. तपासणाऱ्याने ते वाक्य मुकाट्याने खोडले, तर मुलगी पुन्हा फिरकणार नाही. त्याऐवजी ‘फाईल मराठीत ती, म्हणून सापडली, बाकीची वाक्ये छान आहेत, पुढची घ्या’ एवढे लिहिले तर तीच मुलगी महिन्याभरात दुसऱ्यांची वाक्ये तपासू लागेल. पुण्यात ‘तुमची मराठी कन्नडाळलेली’ आणि धारवाडात ‘तुमची कन्नड मराठाळलेली’ असे टोमणे ऐकत मोठी झालेली आपली मुले. त्यांना संगणकावरही तेच ऐकावे लागले, तर दोन्ही भाषा जाणणारी ही माणसे दोन्हीकडून जातील, आणि मग मोबाईलवर कोशातून उचललेली, कोणीच बोलत नाही अशी भाषा वाचत बसावे लागेल.

नवख्याला चुकायला जागाही हवी. मराठी विकिपीडियावर अशा सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. पंतोजींच्या शाळेतली, लिहा आणि पुसा. (हे नाव ज्याने सुचवले त्याला शाबासकी!) चर्चेच्या जागेला मराठीत ‘चावडी’ म्हणतात, तर कन्नडमध्ये ‘अरळी कट्टे’, म्हणजे पिंपळाचा पार. गंमत अशी की, चावडी कन्नडलाही कळते आणि कट्टा मराठीलाही.

सगळीकडे असा जिव्हाळा होता असे नाही. १९९१ मध्ये लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स हेही फिनलंडचेच. (त्यांनीच २००५ मध्ये ‘गिट’ नावाचे साधन लिहिले. बेळगावकरांनी आपल्या जीआयटी कॉलेजशी गल्लत करू नये!) त्यांची बोलण्यातली जहाल भाषा प्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास लिनक्सने वागणुकीचे नियम स्वीकारले.

उलटी तऱ्हाही घडली. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात ठरावीक बदल पाठवले की टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये त्यापायी निरुपयोगी बदलांचा असा पूर आला की प्रकल्प सांभाळणारे मेटाकुटीला आले. मग आयोजकांनी नियम बदलला: ज्या प्रकल्पाची तयारी असेल त्यालाच सामील करायचे. आमच्या मते हे योग्यच झाले. जेवायला बोलावणे वेगळे आणि भंडाऱ्याची दवंडी पिटणे वेगळे. सांभाळणारे बहुतेक जण नोकरी-धंदा करून उरलेल्या वेळात हे करतात, हेही पाहुण्याने ध्यानात ठेवावे.

घरातल्या आजी-आजोबांनाही इथे काम आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मान्य केला. तरी कितीतरी ठिकाणी पडद्यावर हिंदी वळणाचीच अक्षरे उमटतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बलू’ हा खुला फाँट देवनागरीत आहे, कन्नडमध्येही आहे. अशा खुल्या फाँटमध्ये अक्षर खटकले तर कोणीही कळवू शकते; त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये तर नुसता आवाज द्यायचा. वाक्य मोठ्याने वाचायचे, दुसरा कोणी ऐकून ते तपासतो. उच्चार वेगळ्या ढंगाचा आहे एवढ्यावरून वाक्य नाकारण्याची घाई करू नये, असे तपासणाऱ्यांना सांगितलेले असते. सीमाभागाचा हेल तिथे चालतो.

टाईप करायचे असेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकावा. १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे. इंग्रजी ‘के’च्या बटणावर मराठीतही ‘क’ आणि कन्नडमध्येही ‘क’; बोटांना एकदा सवय झाली की लिपी बदलली तरी बटणे तीच राहतात.