ऐंशी तुकड्यांची गोधडी

संपादकांना 'पृथ्वीवरचा सूर्य' हवा होता. पंधरा कोटी अंशांचा वायू चुंबकांच्या कड्यात अधांतरी कसा धरतात, ते लिहा म्हणाले. मी वाचायला बसलो आणि युरोपच्या 'डेमो' या संमीलन अणुभट्टीच्या उभ्या छेदाच्या चित्रात अडकलो तो अडकलोच.

इतिहास चटकन उरकतो. इंग्लंडात कलहॅमच्या 'जेट' यंत्राने 2023 मध्ये, बंद पडण्याच्या तोंडावर, 69 मेगाज्यूल ऊर्जा दिली. इंधन लागलं 0.2 मिलिग्रॅम. फ्रान्समध्ये 'ईटर' उभं राहतंय. त्याच्याभोवतीच्या तीस मीटर उंच पोलादी पात्राचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला घडले. पण ईटर विजेसाठी नाहीच. तारांत वीज सोडून दाखवायची ती डेमोने, 300 ते 500 मेगावॉट. आणि डेमो अजून कागदावर आहे.

त्या कागदावर प्लाझ्माभोवती, म्हणजे त्या तापलेल्या वायूभोवती, एक जाड अस्तर दिसतं. अभियंते त्याला ब्लँकेट म्हणतात. मी गोधडी म्हणू लागलो, कारण ते 80 तुकडे जोडून होतं: 16 पाकळ्या, दर पाकळीत आतल्या अंगाला 2, बाहेरच्या अंगाला 3.

हिचं खरं काम मात्र विरजणाचं. इंधन दोन: ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात हवं तेवढं आहे. ट्रिटियम तसं नाही, ते 12.3 वर्षांत निम्मं होतं. आज ते मिळतं जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून. आपल्या तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्यांतही जड पाण्यात ते आपसूक तयार होतं. जगातला नागरी साठा धरतात पंचवीस-तीस किलो. संमीलनातून 2000 मेगावॉट उष्णता देणारी डेमो पूर्ण जोमाने चालली, तर दिवसाला 300 ग्रॅम खाणार. तीन महिन्यांत डबा रिकामा.

म्हणून आजच्यातूनच उद्याचं लावायचं. या दोन इंधनांच्या प्रत्येक संमीलनातून एक न्यूट्रॉन सुटतो. तो गोधडीतल्या लिथियमला लागला की ट्रिटियम होतं. एक गेलं, एक आलं. पण काही न्यूट्रॉन पोलादातच जिरतात, म्हणून शिसं किंवा बेरिलियम घालून त्यांची संख्या वाढवायची. एवढं करूनही हिशेब एकाच्या किंचित वर सरकतो. मोजमापाच्या यंत्राला भोक हवंय? प्लाझ्मा तापवायला खिडकी हवीय? प्रत्येकाला विरजणातूनच चमचा मागावा लागतो.

मला धास्ती आहे ती गोधडी बदलण्याची. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद काही वर्षांत ठिसूळ होतं आणि आत माणूस पाठवता येत नाही. जेटमध्ये 'मॅस्कॉट' नावाचे दोन यांत्रिक हात होते. बाहेर बसलेल्या माणसाचा हात वळला की आतला वळे. आत बोल्ट आवळला की त्याचा ताण बाहेरच्या मनगटाला कळे. त्यांनी भिंतीच्या फरशा बदलल्या. डेमोचा तुकडा म्हणजे फरशी नव्हे. दहा मीटरहून उंच, वजन टनांत. तो तिरका करत, शेजारच्याला न घासता, चुंबकांमधल्या फटीतून छताकडे उपसायचा. त्याआधी थंडाव्याचे पाइप कापायचे, नवा तुकडा बसला की पुन्हा वेल्ड करायचे.

वेल्डिंगपाशी मी चित्र मिटलं. मार खाल्लेल्या पोलादात हेलियम साठतो. ते पोलाद पुन्हा वितळवलं की सांध्याला बारीक तडे जातात. म्हणून पाइप कुठे कापायचा, हेही आत्ताच ठरवायला हवं: न्यूट्रॉन कमी पोचतील इतकं लांब, आणि यंत्राचा हात पुरेल इतकं जवळ.