किलोला पावशेर

‘एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करू नकोस’ हे बोलणं खात लहानाच्या मोठ्या झालेल्या बायकांच्या मुली आता रात्री झोपताना तेच एरंडेल हौसेनं भुवयांना आणि केसांच्या मुळांना चोपडतात. रील्समध्ये महिनाभरात दाट केसांची हमी मिळते. हे तेल घरी कसं निघतं, ते पाहायचं तर बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर, सत्तरी ओलांडलेल्या आजींच्या चुलीशी बसावं.

बांधावरच्या एरंडाची बोंडं उन्हात तडकली, की ठिपक्यांच्या गुळगुळीत बिया बाहेर पडतात. त्या भाजायच्या, कुटायच्या आणि कूट उकळत्या पाण्यात सोडायचं. मग वास सुटतो. जड, धुरकट, घशाशी बसणारा. शेजारची पोरं नाक दाबून पळतात. आजींना मात्र वासावरूनच तेल सुटल्याचं कळतं. पळी तिरकी धरून त्या फक्त वरचा थर उचलतात. सुनेनं घाईत पळी बुडवली, की लगेच, “अगं, पाणी येतंय त्यात!” उचललेलं तेल पुन्हा तापवायचं. तडतड थांबली, की पाणी उडालं.

“किलोला पावशेर. त्याच्यावर निघत नाही,” आजी सांगतात. बीमध्ये वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. कारखान्यात यंत्रानं दाबून आणि उरलंसुरलं द्रावकानं ओढून ते बहुतेक सगळं काढतात. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि त्यातला मोठा वाटा एकट्या गुजरातचा. चुलीवर मात्र किलोला पावशेरच. म्हणून आजींच्या घरी ते थेंबांनीच वापरलं जातं.

चोथा त्या गोठ्याच्या बाजूला फिरकू देत नाहीत, थेट खड्ड्यात. बीमधलं रायसिन हे जहाल विष तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं. उकळल्यानं ते निकामी होत असलं, तरी जनावराच्या जिवाशी खेळ कशाला? याच विषाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या गोळीनं 1978 साली लंडनमध्ये जॉर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा जीव घेतला होता.

रात्री पाय धुऊन, टाचा किंचित ओल्या असतानाच आजी दोन थेंब चोळतात आणि वर जुने मोजे चढवतात. दिवसा लावलं तर सगळी धूळ त्यावरच बसायची. तेलात सुमारे 90 टक्के रिसिनोलेइक आम्ल. त्यामुळे ते इतकं दाट, की कातडीतला ओलावा धरून ठेवतं. भेगा मऊ पडतात त्या यामुळेच. केस उगवण्याचा मात्र भक्कम पुरावा नाही. केसांवर चकाकी येते, एवढंच.

आणि उलटंच झालं तर? 2017 साली भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका 20 वर्षांच्या तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. खोबरेल आणि एरंडेल लावल्यावर तिच्या लांब केसांचा असा घट्ट गुंता झाला, की ते कापावे लागले.

तेव्हा लावायचंच असेल, तर तीन भाग खोबरेलात एक भाग एरंडेल घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून रात्रभर ठेवा. खाज किंवा पुरळ आलं, तर बाटली सरळ बंद करा. आणि डोळ्यांत घालायला सांगणाऱ्यांचं बिलकूल ऐकू नका.