घंटी ऐकू आली नाही तर?

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी मुसी नदी नया पुलावरून, नाक दाबूनच पाहिलेली असते. हीच नदी शहरापासून साधारण ८० किलोमीटरवर, विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते. वर अनंतपद्मनाभस्वामींचं देऊळ, भोवती जंगल आणि त्यातून जाणाऱ्या लाल मातीच्या पायवाटा. या वाटांवर पायी फिरणारे येतात, तसे सायकलवालेही. मी सायकलवाल्यांपैकी. तीन वर्षं तिथे जातोय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र आजोबांना घेऊन पायी गेलो. वय ७८, चालणं खणखणीत, पण एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा निम्मा. कानातलं मशीन घरीच ठेवलं होतं. म्हणाले, “जंगलात कुणाचं ऐकायचंय मला?”

उतारावर आजोबा पुढे होते, मी फोटो काढत मागे रेंगाळलो. मागून घंटी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा. मी सवयीने बाजूला झालो. सायकल शेजारून सुटली तेव्हा लक्षात आलं, आजोबा अजून वाटेच्या मधोमधच आहेत. मी ओरडलो, पण तेही त्यांना ऐकू जाणार नव्हतंच. पोराने करकचून ब्रेक लावला, मागचं चाक घसरलं आणि तो झुडपात गेला. हँडल आजोबांच्या कोपराला घासून गेलं. ते मटकन खाली बसले.

“घंटी बजाया ना मैं, तीन बार!” पोरगा रडकुंडीला आला होता.

आजोबा कोपर झटकत म्हणाले, “बजाया होगा बेटा, मेरे कान को नहीं मालूम.”

मला त्या पोरावर चिडायचं होतं, पण तोंड उघडेना. कारण घंटी वाजवली की वाट आपली, असंच मीही तीन वर्षं समजत आलो होतो.

अशा सामायिक वाटांवरचा जगभरचा रिवाज सोपा आहे: सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. घंटीचा अर्थ ‘मी आलोय’ एवढाच, ‘बाजूला व्हा’ असा नाही. समोरच्याने वळून पाहिलं तरच त्याला कळलं असं धरायचं, नाहीतर पाय टेकून थांबायचं. वळणावर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेवायचा. ओल्या मातीत चाक घसरवत ब्रेक मारला की चर पडतो. पुढच्या पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं आणि वाट वाहून जाते.

चालणाऱ्यांनीही थोडं पाळावं. दोन्ही कानांत गाणी नकोत. वळणावर घोळका करून उभं राहू नये. सायकल आली तर सगळ्यांनी एकाच बाजूला व्हावं. आई इकडे आणि मूल तिकडे असलं, की मूल ऐनवेळी आईकडे धावतं. चिखल टाळायला कडेकडेने चाललं तर वाट रुंदावत जाते, म्हणून मधूनच चालावं. आणि कमी ऐकू येणारं कुणी सोबत असेल, तर आपण त्यांच्या मागे, अगदी जवळ राहावं. तेवढंच मी त्या दिवशी केलं नव्हतं.

आजोबांचं कोपर आठवड्यात बरं झालं. परवा विचारत होते, “पुन्हा कधी जायचं रे?”

जायचं ठरलंय. या वेळी मशीन त्यांच्या कानात असेल आणि मी दोन पावलं मागे. त्यानंतरच्या रविवारी सायकल घेऊन जाईन तेव्हा, पाठमोरा दिसणारा प्रत्येक माणूस आपला आजोबा आहे असं धरून चालवीन.